छप्पर मालकाचं, पाऊस भाडेकरूचा

बेळगावात ऑफिससाठी जागा बघायला निघालं की एजंटचा पहिला प्रश्न असतो, "गाड्या किती?" माणसं किती, काम कसलं, हे मागाहून. आमच्याकडे एक चारचाकी आणि बाकी स्कूटर, हे कळल्यावर त्याने कॉलेज रोडवरचे गाळे दाखवले, टिळकवाडीतला नवा फ्लॅट दाखवला, उद्यमबागेत एका कारखान्याची माडी दाखवली. एका हितचिंतकाने तर वेंगुर्ला रोडने सरळ शिनोळी गाठायचा सल्ला दिला. शिनोळी म्हणजे चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र, आणि बेळगावपासून अर्ध्या तासाच्या आत. या सगळ्या जागा ठीक होत्या. पांढऱ्या टाइल्स, सरकत्या खिडक्या, लिफ्टमध्ये आरसा. निरोप घेता घेता एजंट म्हणाला, "एक जुनी जागा हाय बघा, खडेबाजारच्या मागच्या अंगाला. रिपेर करून नवी केल्यात. पण तुमच्यासारख्यांना चालंल की नाही, काय सांगता येत नाही."

तुमच्यासारखे म्हणजे कॉम्प्युटरवाले. आम्ही ड्रॉइंगची कामं करतो. उद्यमबाग आणि मच्छे इथल्या फाउंड्रीवाल्यांसाठी कास्टिंगची ड्रॉइंगं, पॅटर्नची मापं, मशीनिंगची फिक्स्चर. या धंद्याला रस्त्यावरचं दुकान लागत नाही. शांतता, उजेड आणि न जाणारी वीज लागते. बाजारातल्या जुन्या माडीवर यातलं एकही मिळायची खात्री नव्हती, तरी जागा बघितली आणि घेतली. त्यामागे जुन्याचं प्रेम वगैरे फारसं नव्हतं. भाडं कॉलेज रोडच्या मानाने कमी होतं आणि मधल्या मोठ्या खोलीला उत्तरेच्या खिडक्या होत्या. ज्याने ड्रॉइंग बोर्डावर काम केलंय त्याला उत्तरेच्या उजेडाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

शिवाय जवळच किर्लोस्कर रोड आहे, आणि हे मला आवडलं, हे कबूल करायला हरकत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत यांत्रिक ड्रॉइंग शिकवायचे. तिथे बढतीत डावललं गेल्यावर नोकरी सोडून ते बेळगावला आले आणि भावाबरोबर सायकलींच्या धंद्यात पडले. किर्लोस्कर समूह आपला आरंभ १८८८ सालच्या त्या छोट्या दुकानापासून मोजतो. कडबा कापायचं यंत्र, लोखंडी नांगर, या सगळ्याची सुरुवात इथली. पुढे शहराच्या वाढीसाठी नगरपालिकेला त्यांच्या कारखान्याची जागा हवी झाली, आणि १९१० साली सगळं बिऱ्हाड औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर गेलं. त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली. शहराकडे रस्त्याचं नाव तेवढं राहिलं. कारखाना ठेवून घेतला असता आणि रस्त्याला दुसरं कुठलंही नाव दिलं असतं तरी चाललं असतं, असं मला त्या रस्त्याने जाताना दर वेळी वाटतं.

घर तात्यांचं. तात्या सत्तरी ओलांडलेले, सायकलवरून येणारे, प्रत्येक दाराची किल्ली वेगळ्या रंगाच्या दोऱ्यात बांधून ठेवणारे. खाली रस्त्याला लागून टेलरमामांचा गाळा आणि एक बंद दुकान, मधून आत जायचा बोळ, मग चौक, परसात विहीर, आणि वर पूर्ण माडी. दगडी जोतं, सागवानी खांब, तुळयांवर पाट, वर कौलं. तात्यांच्या मुलाने पुण्याहून पैसे पाठवले आणि माडी 'रिनोव्हेट' झाली.

रिनोव्हेट झाली म्हणजे काय झालं, हे बघायला मला थोडा वेळ लागला. भिंती गुळगुळीत होऊन पांढऱ्या झाल्या होत्या. खांबांना पॉलिश होतं. कौलांखाली जिप्समचं खोटं छत आलं होतं आणि त्यात गोल दिवे. जिन्याला स्टीलचा कठडा. दिसणारं सगळं झालं होतं. छपराला कुणी हात लावलेला नव्हता, पन्हळ जुनीच होती, आणि पाण्याचा निचरा पूर्वी जसा बोळात व्हायचा तसाच होत होता. भाडेकरू माडीवर येऊन डोळ्यांच्या रेषेत जे जे बघतो, तिथपर्यंत पैसा पोचला होता.

भिंतींचं थोडं सविस्तर सांगतो, कारण जुन्या घरात जागा घेणाऱ्या प्रत्येकाची गाठ याच्याशी पडते. त्या भिंती मातीत रचलेल्या, वरून चुन्याचा गिलावा. अशी भिंत पावसाळ्यात ओल धरते आणि उन्हाळ्यात सोडते, आणि चुना तिला ती सोडू देतो. दुरुस्तीत खालचे चार फूट सिमेंटचा गिलावा मारला होता आणि वर ऑइलपेंट. सिमेंट बाहेरचं पाणी अडवतं, पण जोत्यातून वर चढलेली ओल आत कोंडते. प्लॅस्टिकचा रेनकोट घालून चढावर सायकल मारणाऱ्याचं जे होतं तेच या भिंतीचं होतं: वरून थेंब नाही आणि आतून माणूस चिंब. पहिल्याच श्रावणात रंगाला फोड आले, फोड फुटून पांढरी पूड पडायला लागली. मिस्त्री म्हणाला लोणा लागलाय, वॉटरप्रूफ रंग मारू. म्हणजे रेनकोटावर रेनकोट. आम्ही सिमेंट खरवडून काढलं, भिंत तशीच उघडी ठेवून उन्हाळा जाऊ दिला आणि मग पुन्हा चुना मारला. चुना विरवून मुरवत ठेवणारा माणूस शोधायला चुना मारण्यापेक्षा जास्त वेळ गेला. शेवटी तो वडगावात सापडला, तोही देवळांची कामं करणारा.

जाड भिंतींचा हिशेब मात्र आधीच करायला हवा, करार व्हायच्या आधी. समजा एखादी माडी बाहेरून ३० बाय २० फूट आहे. बाहेरून मोजली तर ६०० चौरस फूट. भिंती दोन-दोन फूट जाडीच्या असल्या तर आत उरतात २६ बाय १६, म्हणजे ४१६. बाकीचे १८४ चौरस फूट नुसती भिंत. नव्या इमारतीत हा फरक किरकोळ असतो, इथे तो जवळजवळ तिसरा हिस्सा आहे. तात्यांनी बाहेरून टेप लावला होता. मी आतून लावला. त्यावर बरंच बोलणं झालं. "भिंत काय मी घरी घेऊन जाऊलालोय?" असा त्यांचा मुद्दा होता, आणि मी तरी भिंतीत टेबल कुठे मांडणार, असा माझा. शेवटी आतल्या मापावर ठरलं, पण चौरस फुटाचा दर थोडा चढला. तरीही कागदावर आतलं माप आलं ते बरं झालं, कारण पुढची दरवाढ त्याच मापावर होते. त्या भिंतींमुळे एप्रिलमध्ये दुपारपर्यंत एसी लावावा लागत नाही. त्याच भिंतींमुळे एका खोलीचा वायफाय दुसऱ्या खोलीत जात नाही आणि प्रत्येक खोलीत वायर ओढावी लागली.

आता कायदा. आमच्याच घरात तो दोन मजल्यांवर दोन तऱ्हेचा आहे.

खालचे टेलरमामा तात्यांच्या वडिलांच्या काळापासून भाडेकरू आहेत. गाळा दहा बाय अकरा. भाडं इतकं कमी की तात्या ते महिन्याला मागत नाहीत, दिवाळीला एकदम घेतात. कर्नाटकात पूर्वी १९६१ चा भाडेनियंत्रण कायदा होता. त्याच्या जागी १९९९ चा कायदा आला आणि २००१ च्या शेवटच्या दिवशी लागू झाला. या नव्या कायद्याने व्यापारी जागांपैकी फक्त छोट्या जागा आपल्या छत्राखाली ठेवल्या: १४ चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे साधारण दीडशे चौरस फूट. मामांचा गाळा त्यात बसतो. माझी माडी बसत नाही. त्यामुळे शिलाई मशीन आणि इस्त्री एवढ्या भांडवलावर बसलेल्या मामांना उठवायचं तर तात्यांना कायद्याने मान्य केलेलं कारण कोर्टात सिद्ध करावं लागेल. मी मात्र १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याखाली येतो. तिथे करारात लिहिलेलं तेवढंच माझं, आणि लेखी मुदत नसलेल्या महिनेवारी भाडेकरूला पंधरा दिवसांची नोटीस पुरते. मामांना हे सगळं तोंडपाठ आहे. मी पहिल्यांदा करार घेऊन जिना उतरलो तेव्हा त्यांनी टेप गळ्यात अडकवत विचारलं, "किती महिन्याचं केलासा?"

अकरा महिन्यांचं केलं नव्हतं, हे माझं नशीब. आपल्याकडे सगळेच करार अकरा महिन्यांचे होतात, कारण १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षावरच्या मुदतीचा भाडेपट्टा सब-रजिस्ट्रारकडे नोंदवावाच लागतो आणि तो खर्च व तो खटाटोप कुणालाच नको असतो. नव्या फ्लॅटमध्ये अकरा महिने ठीक. तिथे आपण टेबलं नेतो आणि टेबलं घेऊन निघतो. जुन्या घरात भाडेकरूचा पैसा भिंतीत जातो, वायरिंगमध्ये जातो, जमिनीत जातो, आणि तो काढून नेता येत नाही. म्हणून मी पाच वर्षांचा नोंदणीकृत करार मागितला. तात्या म्हणाले, "पाच वर्षं मी तरी असतोय की नाही." मी म्हटलं, म्हणूनच नोंदवूया.

नोंदणी म्हटल्यावर घराचे कागद बाहेर आले. तात्यांनी पत्र्याची पेटी आणली. सगळ्यात खालचा कागद मोडीतला. त्यावर मुंबई राज्य असतानाचा सिटी सर्व्हेचा उतारा मराठीत. त्यावर १९५६ नंतरच्या घरपट्टीच्या पावत्या, हळूहळू कन्नड होत गेलेल्या. सगळ्यात वर ई-खात्याची, म्हणजे मालमत्तेच्या ऑनलाइन नोंदीची, प्रिंट. घर एक इंचही हललेलं नाही आणि पेटीत तीन राज्यकारभार एकावर एक. वकिलांनी मोडी बाजूला ठेवली, उताऱ्यावरचा सीटीएस, म्हणजे सिटी सर्व्हेचा, नंबर खात्याशी जुळवला आणि विचारलं, वारस किती?

वारस तात्या, पुण्यातले भाऊ आणि शहापूरची बहीण. भावाचं मुखत्यारपत्र आलं. बहिणीने, म्हणजे आक्कांनी, नुसती सही करायला नकार दिला. आधी जागा बघणार म्हणाल्या. रिक्षाने आल्या, जिना चढल्या, स्टीलच्या कठड्याला हात न लावता. पॉलिश केलेल्या खांबांकडे त्यांनी बघितलंही नाही. पूर्वी धान्याची कणगी असायची त्या कोपऱ्यात उभ्या राहून मला विचारलं, "बायका किती तुमच्यात?" मी म्हटलं, तिघी. "आणि संडास?" खाली परसात, तात्या म्हणाले, टाइल्स लावून नवा केलाय. आक्का भावाकडे वळल्या. "पावसात तिघी पोरी जिना उतरून, मामाच्या गिऱ्हाइकासमोरनं परसात जाणार? आमचा जन्म गेला तसाच. वर एक काढ, मग मी सही करतो." बेळगावच्या आमच्या जुन्या बायका 'करतो', 'जातो' म्हणतात ते तसंच ठेवलंय. वरचा संडास निघाला. त्याची पाइप विहिरीपासून लांबून कशी न्यायची यावर तात्या, प्लंबर आणि मी बरेच दिवस घासाघीस केली. पण वकिलांच्या बारा पानी मसुद्यात जे कलम नव्हतं ते आक्कांनी दोन वाक्यांत घातलं.

बाकीचे कागद पटकन संपवतो. जीएसटीच्या नोंदणीला करार, मालकाचं संमतिपत्र आणि घरपट्टीची पावती लागते. भाड्यावर १८ टक्के कर आहे, आणि १० ऑक्टोबर २०२४ पासून मालक नोंदणीकृत नसला तरी नोंदणीकृत भाडेकरूने तो स्वतः भरायचा आणि मग आपल्या बिलांतून वळता करून घ्यायचा. आमच्या जीएसटी नंबराची सुरुवात कर्नाटकाच्या २९ ने होते, शिनोळीच्या गिऱ्हाइकाची महाराष्ट्राच्या २७ ने, फोंड्याच्या गिऱ्हाइकाची गोव्याच्या ३० ने, त्यामुळे ज्याच्याकडे स्कूटरने जेवायच्या सुट्टीत ड्रॉइंग देऊन येता येतं त्याचंही बिल आंतरराज्य होतं. मीटर घरगुतीचं व्यापारी करून घ्यावं लागलं. फलकाला २०२४ च्या दुरुस्तीप्रमाणे साठ टक्के कन्नड आणि तेही वरच्या भागात. खाली मराठी आणि इंग्रजी. सागवानी गणेशपट्टीला ड्रिल लावायचं नाही, ही तात्यांची अट, म्हणून तो फलक दोन आकड्यांवर टांगलेला आहे आणि वाऱ्याला खडखडतो.

जमिनीचंही बघून घेतलं. माडी राहायला बांधलेली. राहत्या घराच्या जमिनीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात, ऑफिससाठी २५० पासून ४०० पर्यंत. कागदांची लोखंडी कपाटं म्हणजे वाळूच्या पोत्यांपेक्षा हलकी नसतात. ओळखीच्या स्ट्रक्चरल इंजिनियरने तुळयांच्या टोकांना, जिथे त्या भिंतीत शिरतात तिथे, पेचकस खुपसून बघितला. वाळवी आणि कूज तिथेच सुरू होते. एका तुळईचं टोक मऊ लागलं. ते कापून जोड दिला आणि सगळी कपाटं भिंतीच्या कडेला गेली. खोलीच्या मध्यावर फक्त टेबलं आणि माणसं.

आणि आता छप्पर. करारातलं खरं भांडण तिथे होतं.

बेळगाव अडीच हजार फुटांवर आहे, घाटमाथा फार लांब नाही. वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि जुलैत तर नुसता धो धो नाही, दिवसच्या दिवस झिरमिर लागून राहते. कौलारू घराला दर वर्षी मे महिन्यात शाकारणी लागते. कौलं परतायची, फुटकी बदलायची, पालापाचोळा काढायचा, पन्हळी साफ करायच्या. घरात माणसं राहत होती तेव्हा हे काम कुणी कुणावर लिहून दिलेलं नव्हतं. मे आला की होत होतं. घराचं ऑफिस झालं की ते कुणाचंच राहत नाही. करारात 'मोठी दुरुस्ती मालकाची, किरकोळ दुरुस्ती भाडेकरूची' असं एक वाक्य असतं. शाकारणी कुठल्या खात्यात? मालमत्ता हस्तांतरण कायद्यातलं १०८ वं कलम सांगतं की करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर मालकाच्या वाट्याची दुरुस्ती त्याने केली नाही, तर भाडेकरूने ती करून खर्च भाड्यातून वजा करावा. पण मालकाच्या वाट्याची कुठली, हे आधी ठरलेलं हवं. तात्यांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "छप्पर माझं. पण पाऊस तुमच्या कॉम्प्युटरवर पडणार. तेव्हा पाऊस तुमचा."

विनोद म्हणून हे छान आहे. पण थोडा विचार केल्यावर मला ते पटलंही. मालक पुण्यात, किंवा इथेच पण दुसऱ्या घरात. गळती पहिल्यांदा ज्याला दिसते तोच वर चढायला माणूस बोलावणार. म्हणून असं लिहिलं: दर वर्षी १५ मेच्या आत शाकारणी करून घ्यायचं काम भाडेकरूचं, मजुरी भाडेकरूची, कौलं-रिपा-वासे हे साहित्य मालकाचं, आणि जूनमध्ये तात्या स्वतः येऊन बघणार. शिवाय खोट्या छताच्या चार चौकटी उघडून तिथे झडपा बसवल्या, कारण गळती कौलातून होते आणि डाग उमटतो भलत्याच ठिकाणी, जिप्समवर पाणी धावत जाऊन. खोट्या छताने जुनं घर नीट दिसतं हे खरं. ते आतून कसं आहे हे मात्र दिसेनासं होतं.

शाकारणीला येणारी जोडी काकती बाजूची, बापलेक. बाप वर, मुलगा शिडीवर. आपसात कन्नड, माझ्याशी मराठी, आणि कौलांशी दोन्ही. बाप कौल उचलतो, बोटाच्या गाठीने वाजवतो. खणखणीत वाजलं तर परत त्याच जागी, बद्द वाजलं तर खाली. तडा डोळ्यांना दिसायच्या आधी कानाला कळतो. मंगळुरी कौल हे बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ च्या सुमाराला मंगळूरला सुरू केलेल्या कारखान्याचं अपत्य. पुढे किनाऱ्यावर आणि वर आमच्या खानापूरकडेही कौलांचे कारखाने निघाले. प्रत्येक कौलाच्या पोटावर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. त्याचा उपयोग शोभेचा नाही. खाचेत खाच अडकून बसणारं हे कौल, एका साच्याचं दुसऱ्या साच्यात पुरतं बसत नाही. थोडी फट राहते आणि वाऱ्याबरोबर पाऊस तिथून आत येतो. नवं कौल आणून चालत नाही, त्याच शिक्क्याचं हवं. मी विचारलं, ते आता कुठे मिळणार? "हौद्री, मिळतंय की," बाप वरून म्हणाला. "घर पाडलं की मिळतंय."

तसंच आहे ते. तात्यांच्या बोळात कौलांचा जो साठा रचलेला आहे तो जवळपासच्या पाडलेल्या घरांतून आलेला आहे. एखाद्या गल्लीत जुनं घर उतरवायला घेतलं की तात्या सायकल घेऊन जातात, कौल उलटं करून शिक्का बघतात आणि भाव ठरवतात. गेल्या उन्हाळ्यात एक संपूर्ण दुमजली घर गेलं. त्याची कौलं आमच्या पश्चिमेच्या पाख्यावर आहेत, एक दार आमच्या प्लॉटरच्या, म्हणजे ड्रॉइंगं छापायच्या यंत्राच्या, खोलीला आहे. आमचं छप्पर शाबूत राहायचं तर आजूबाजूची पडत राहायला हवीत, आणि ती सगळी पडली की मग आमच्याही छपराला कौल नाही. या गणिताला मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

हेरिटेज म्हटलं की आपल्या शहरात किल्ला आठवतो, किल्ल्यातली तेराव्या शतकाच्या सुरुवातीची कमल बस्ती आठवते, टिळकवाडीतली १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाची विहीर आठवते. त्यांची काळजी घ्यायला कुणी ना कुणी आहे. आमच्या गल्लीतल्या घराला असं कुणी नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते फारसं खटकतही नाही. पाटी लावून बंद केलेल्या घरापेक्षा भाड्याने दिलेलं घर मला बरं वाटतं. बंद घराचं छप्पर दोन पावसाळे कुणी बघत नाही, मग एक वासा बसतो, त्याच्यामागे पाखं बसतं, आणि मग 'धोकादायक' म्हणून ते पाडायला कुणाचीच हरकत उरत नाही. आमच्या माडीवर जुलैत थेंब पडला तर पाच मिनिटांत पाच जण ओरडतात, कारण खाली महागडी यंत्रं आहेत.

शहर मात्र आपल्या बाजूने मदत करतंच असं नाही. बेळगाव २०१६ साली पहिल्या यादीतच स्मार्ट सिटीत आलं. रस्ते झाले, चांगले झाले. आमच्या गल्लीत रस्ता वर आला आणि जोतं खाली गेलं. पूर्वी तीन पायऱ्या चढून मामांच्या गाळ्यात जायचे, आता एकच उरली आहे. मोठा पाऊस झाला की मामा उंबऱ्याला फळी लावतात, कडेने चिंध्या कोंबतात आणि कापडाचे गठ्ठे माडीवर आमच्या कपाटांवर आणून ठेवतात. अशा वेळी आमचं मीटिंगचं टेबल म्हणजे लग्नसराईतल्या ब्लाउजपीसचं कोठार असतं. धारवाडहून आलेल्या एका गिऱ्हाइकाने तिथून दोन पसंतही केले.

शनिवारचा त्रास वेगळा. बाजाराच्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी भाजीची पोती आणि हातगाड्या. त्या दिवशी आम्ही गिऱ्हाइकाला बोलावत नाही, आपणच उद्यमबागेत जातो. एजंटचा पहिला प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. कुरिअरवाला, यूपीएसच्या बॅटऱ्या आणणारा, एसीचा मिस्त्री, सगळे गाडी गोवावेसला की कुठे लावून चालत येतात आणि बिलात त्याचे पैसे धरतात. हे भाड्यात दिसत नाही, पण भाडंच आहे. चौरस फुटाचा दर कमी असल्याचा जो आनंद पहिल्या वर्षी झाला होता, त्यातला निम्मा चुना, वायरिंग, तुळईचा जोड आणि शाकारणीत गेला. उरलेला निम्मा मात्र खरा आहे, आणि उत्तरेचा उजेड फुकट.

आता पाच वर्षं संपत आली आहेत. तात्यांच्या मुलाला माडीवर कॅफे करायचाय. जुनी खिडकी, पितळी कप, भिंतीवर काळे-पांढरे फोटो, असं त्याचं चित्र आहे. पुण्यात असे चालतात म्हणे. मी त्याला एवढंच विचारलं की कॅफेला पाणी किती लागेल आणि ते तुळयांवरून कसं वाहून नेणार. तो बघतो म्हणाला. तात्यांनी फोन माझ्याकडून घेतला आणि मुलाला आक्कांशी बोलायला सांगितलं.

माझ्या बाजूने नव्या मसुद्यात पन्हळीचं कलम वेगळं मागितलंय. आमच्या आणि शेजाऱ्यांच्या पाख्यांच्या मधली पन्हळ दोन्ही घरांची आहे. तिचा पत्रा सडलाय, आणि शेजारचं घर विकायला काढलंय. घेणारा पाडून बांधणार हे उघड आहे, आणि तो पाडायला लागल्यावर ती सामाईक भिंत व पन्हळ कुणी सांभाळायची, हे आत्ताच लिहून घ्यायला हवं. तात्यांना हे पटलंय. फक्त ते म्हणतात, आधी दर वर्षीच्या भाडेवाढीचे पाच टक्क्यांचे सात करा, मग पन्हळीचं बघू. मी सहा म्हटलंय. शेजारचं घर पडलं तर कौलं कुणाची, हे मात्र त्यांनी आजच ठरवून टाकलंय: शिक्का जुळतो, ती आपली.